इर्जिकीचं जेवण

संघप्रिया उंदिरवाडेचं नाव आता आमच्या गावात कोणी घेत नाही. वाईटही बोलत नाही. नाव निघालं की लोक पावसाचं बोलायला लागतात, नाहीतर म्हशीचं. मला याचा फार राग येतो. शिव्या द्यायच्या तर द्या, रडायचं तर रडा, पण गावच्या पोरीला असं पुसून टाकू नये. म्हणून मी सांगायला बसलो. मी गुणवंतराव, सिंदेवाहीच्या रस्त्यावर ज्याची धानाची मिल होती तो. मिल बंद पडली पण तोंड चालू राहिलं, असं माझी बायको म्हणते, आणि तिचं खोटं नाही.

संघप्रियाचा बाप गुलाब धानाच्या संशोधनाच्या शेतावर रोजीनं कामाला होता. तिथं दोरी बांधून सरळ ओळीत रोवणी करायला शिकवत. हा शिकला, आणि घरच्या दीड बांधीतही, म्हणजे भाताच्या दीड खाचरातही, दोरी लावायला लागला. लोक हसायचे. दोरीचं एक टोक धरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी असायची ती संघप्रिया, फ्रॉक चिखलानं माखलेला, आणि बाप जरा वाकडा गेला की ओरडायची, "बाबा, सरकून राह्यले तुमी."

ती बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच पावसाळ्यात गुलाब हिवतापानं गेला. चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. इकडे बांधीत परे रोवायला आले होते. धानाची कोवळी रोपं वेळेत उपटून रोवली नाहीत की वर्ष गेलं. तिची आई गिरजाबाई एकटी, भाऊ प्रफुल शाळकरी. पोरगी म्हणाली, मी नाही जात.

मग टोलीनं, म्हणजे तिच्या वस्तीनं, इर्जिक केली. इर्जिक म्हणजे ज्याच्यावर वेळ आली त्याच्या शेतात सगळ्यांनी उतरायचं. मजुरी घ्यायची नाही. घरधन्यानं एक वेळचं जेवण घालायचं, आणि पुढं ज्याचं ज्याचं काम निघेल त्याच्या शेतात जाऊन आपला दिवस फेडायचा. जेवण झालं की इर्जिक पुरी झाली. जेवल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि कोणी तसंच उठून गेलं तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्या दिवशी मीही उतरलो. दुपारी गिरजाबाईनं भात आणि अंबाडीची भाजी वाढली. सुतकातून नुकतंच निघालेलं घर, तेलाचा थेंब नव्हता भाजीत. आम्ही सगळे जेवलो. त्या घरी मी त्याआधी कधी जेवलो नव्हतो, आमच्या घरचं कोणीच जेवलं नव्हतं. माझी आई त्यावर जे बोलायचं ते बोलली. मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संघप्रिया एसटीनं चंद्रपूरला गेली. आणि तिचा दिवस कोणी फेडला? प्रफुलनं. ज्यांनी ज्यांनी हात लावला होता त्या प्रत्येकाच्या बांधीत हे पोरगं शाळा बुडवून उतरलं. काडीसारख्या पायांचं, चिखलात गुडघ्याच्या वर बुडायचं. कोणी म्हटलं, जाय रे, तुया दिवस आमी नाई धरत, तर म्हणायचं, "माया नाई हा. हा बाईचा हाय. बाईच्या नावानं रोवून राह्यलो." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं इथूनच निघतं.

संघप्रियाला पुण्यात नोकरी लागली. दोन खोल्यांची कंपनी, बसायला खुर्च्या कमी आणि चहाचे कप जास्त. प्रोग्राम लिहायची. आडनाव सांगितलं की पोरं उंदरावरून विनोद करायची, म्हणून ती काही वर्षं नुसती 'प्रिया यू.' झाली होती. मग हाताखाली माणसं आली, तशी एक दिवस पूर्ण नाव लावलं, आणि सांगितलं की ज्याला माझी सही लागते त्यानं माझं नाव नीट म्हणायला शिकावं. हे तिनं मला मिलमध्ये पोत्यावर बसून सांगितलं होतं. दिवाळीत ती यायची, आणि आली की आधी घरी आणि मग माझ्याकडे.

दोन खोल्यांचा एक मजला झाला, मजल्याची इमारत झाली. ती प्रोग्राम लिहिणारी होती, ती लिहिणाऱ्यांना सांभाळणारी झाली, आणि मग सांभाळणाऱ्यांना सांभाळणारी. पुढं बंगळूरच्या दुसऱ्या एका कंपनीनं तिला बोलावून घेतलं. दवाखान्यांची बिलं आणि रोग्यांचे कागद सांभाळायचं सॉफ्टवेअर. तिथं ती सगळ्या इंजिनिअरांची मुख्य होती. कंपनी एका गावातून चार गावांत पसरली, ते हिच्या हातून. मी एकदा विचारलं, "अवं, तू आता करते काय? बोटं तर हलत नाईत तुयी." ती म्हणाली, "भाऊ, दहा जण असले का सगळे एकमेकायले वळखतात. शंभर झाले का वळख पुरत नाई. मंग नियम लागतात. मी नियम करतो आन् माणसं पाहतो." आमच्याकडच्या बाया करतो-जातोच म्हणतात, बंगळूरनं तिचं तेवढं काही बदललं नव्हतं.

त्या नियमांतला एक तिनं रडून केला होता. कंपनीतल्या एका पोरानं दुसऱ्याचा पासवर्ड वापरून कोणा बाईचे दवाखान्याचे कागद उघडले आणि ओळखीच्याला सांगितले. त्या बाईचा आजार सासरी कळला, आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. संघप्रिया त्या बाईला भेटायला गेली होती. परत येऊन तिनं नियम लिहिला: ज्याची किल्ली त्याच्याच हातात. जो देईल आणि जो घेईल, दोघंही त्याच दिवशी घरी. कोणाचाही कोणी असो. हे तिनंच मला सांगितलं. नियम चुकीचा होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

करोना ओसरला तशी तिनं कंपनीत हट्ट धरला की एक ऑफिस सिंदेवाहीला काढायचं. बंगळूरची माणसं हसली. तिथं वाघ आहेत म्हणे. ही म्हणाली, आहेत, आणि ते सुद्धा वेळेवर कामाला निघतात. जागा म्हणून माझी बंद मिल भाड्यानं घेतली. भिंती रंगवल्या, थंडी मशीन लावली, तरी पावसाळ्यात कोंड्याचा वास यायचाच, आणि कीबोर्ड उलटा केला की धानाचं फोल पडायचं. नागभीडकडची, गोंडपिपरीकडची, आमच्या गावची अशी पोरं-पोरी कामाला लागली. कुणबी, तेली, बौद्ध, गोंड, सगळी. कोणी बी.एस्सी., कोणी डिप्लोमा, कोणी पोलीस भरतीत छाती कमी पडलेला. दिवस बुडायच्या आत जीप त्यांना गावोगावी सोडायची, कारण अंधारात रस्ता आपला नसतो, वाघाचा असतो.

ऑफिसचा मुख्य म्हणून तिनं प्रफुलला नेमलं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. भावाला तिनं सगळ्यांसारखी परीक्षा द्यायला लावली. तो पास झाला, आणि दोन वर्षांत आपल्या अकलेनं वर चढला. त्याच्या खाली धनराज होता, आणि मयुरी, माझ्या चुलतभावाची पोरगी, कामाला वाघीण. आणि रश्मी गेडाम, जी बोलायची कमी आणि चुका पकडायची जास्त. दवाखान्यांचे फोन आले की हीच पोरं उत्तरं द्यायची. बंगळूरहून कौतुकाच्या गोष्टी यायच्या. कंपनीच्या सगळ्या ऑफिसांत सगळ्यात कमी माणसं सोडून जायची ती सिंदेवाहीतून. का सोडून जातील? आई भाकरी बांधून द्यायची, आणि पगार पुण्याच्या निम्मा असला तरी घर आपलं होतं. मी रोज एकदा चक्कर मारायचो. मालक म्हणून नाही, मला तिथं बरं वाटायचं.

मग कंपनी विकली गेली. नवे मालक मोठे होते. त्यांची दोन माणसं सगळी ऑफिसं बघत फिरत होती, कुठलं ठेवायचं आणि कुठलं नाही ते ठरवायला. संघप्रियानं त्यांना मुद्दाम आषाढात सिंदेवाहीला आणलं. म्हणाली, हिरवं असते, बरं दिसंल. तिला वाटलं होतं की एकदा डोळ्यांनी पाहिलं तर हे ऑफिस कोणी बंद करणार नाही. तेवढ्यासाठीच ती आली होती. मला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, "भाऊ, इथलं राह्यलं तर माया सगळ्याचं सार्थक झालं. नाई राह्यलं तर मी नुसतीच मोठी झालो."

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि मग एकदमच आला. साऱ्या मुलखाचे परे एकाच वेळी रोवायला निघाले. पोरांच्या सुट्ट्या आधीच लग्नांत संपलेल्या. घरच्या बांध्या तर थांबत नाहीत.

पाहुणे आले. एक गृहस्थ आणि एक बाई, दोघंही सभ्य, पायातले बूट दारात काढायला तयार. मी काकड्या नेल्या होत्या. पाहुणीनं विचारलं, मयुरी कोण आहे, तिचं काम सगळ्यात वर आहे, तिला भेटायचं. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या, हे तोवर तिच्याही लक्षात आलं असावं.

प्रफुल पुढं झाला. चेहरा असा, घरात नवीन बैलजोडी आल्यावर माणसाचा असतो तसा. पाहुण्यांशी तो हिंदीत बोलला. मयुरी रोवण्याला गेली आहे, म्हणाला. तिचं काम मी करतो आहे. काल मयुरीनं धनराजचं केलं, उद्या धनराज माझं करेल. आमच्यात याला इर्जिक म्हणतात. बघा, एकही काम मागं राहिलेलं नाही. आणि त्यानं मयुरीच्या नावानं उघडलेला कॉम्प्युटर फिरवून त्यांना दाखवला.

पाहुणीनं शांतपणे विचारलं, तिच्या नावानं आत कसा गेलास.

"पासवर्ड आहे ना तिचा माझ्याकडे," प्रफुल हिंदीतच म्हणाला. "सगळ्यांचे सगळ्यांकडे असतात."

मला त्यातलं काही कळलं नाही. मी काकडी कापत होतो. पण संघप्रियाकडे बघितलं, आणि हातातली सुरी ठेवली. बाप गेला त्या दिवशी तिचं तोंड असं झालं होतं.

पाहुणा तिला म्हणाला, "मॅडम, हा नियम तुमचाच आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

त्यांना खोलीत बसवून ती प्रफुलला घेऊन मागच्या ओट्यावर गेली, मीही मागोमाग गेलो. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "तुले शिकवलं नव्हतं का रे? परक्याले पासवर्ड द्याचा नाई म्हणून शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं," प्रफुल म्हणाला. "परक्याले नाईच देल्ला. आमच्यात परका कोण हाय?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तिनं शाबासकी द्यायला मागं आणलं. मयुरी, रश्मी, धनराज हे परके असू शकतात, ही गोष्ट या पोरांच्या डोक्यात शिरलीच नव्हती. जगात दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात लोकांनी हे लपवलं असतं. यांनी पाहुण्यांसमोर मांडून दाखवलं.

पुढचे काही दिवस ती बंगळूरला भांडली. नव्या मालकांना पूर्ण ऑफिस बंद करायचं होतं. ही म्हणाली, एकही कागद बाहेर गेलेला नाही, एकाही रोग्याचं वाईट झालेलं नाही. ते म्हणाले, तुमच्याच नियमात 'नुकसान झालं तर' असं कुठं लिहिलंय? सासरच्यांनी काढलेल्या त्या बाईचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर होतं, ते मला माहीत आहे. शेवटी तिनं तोड काढली. ज्यांनी त्या आठवड्यात किल्ल्या दिल्या-घेतल्या ते जातील. बाकीचे, म्हणजे निम्म्याहून जास्त, राहतील आणि ऑफिसही राहील. मालक कबूल झाले. तिनं सही केली.

निरोप सांगायला ती स्वतः आली. फोनवर उरकता आलं असतं, पण तिनं ते केलं नाही, एवढं तिच्या पदरात घाला. सगळ्यांना उभं केलं. मी दाराशी होतो. तिनं नावं घ्यायला सुरुवात केली, आणि पहिलं नाव घेतलं ते, "प्रफुल उंदिरवाडे."

प्रफुलनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मग मयुरीनं, मग धनराजनं. जाणाऱ्यांची नावं संपली तशी संघप्रिया म्हणाली, "बाकीच्यायले काई भेव नाई. तुमचं सगळं होतं तसंच राहीन."

उरलेले आपापल्या जागी बसले. तेव्हा रश्मी उठली. तिचं नाव नव्हतं. तिनं आपला कॉम्प्युटर बंद केला, डबा पिशवीत घातला.

"रश्मी, बस," संघप्रिया म्हणाली. "तुयं नाव नाई त्याच्यात."

"माईत हाय, बाई," रश्मी म्हणाली. "पर एकाची बांधी अर्धी टाकून धुऱ्यावर कोणी चढते का?"

तिच्या मागं दुसरा उठला, तिसरी उठली. कोणी तिच्याकडे रागानं बघितलं नाही. जाताना काही पोरींनी तर तिला वाकून जयभीम केला, काहींनी नमस्कार केला. संघप्रिया प्रत्येकाला म्हणत होती, "अवं, थांब. अरे, घरी विचारून तरी ये." शेवटी मिलमध्ये पंखे, थंडी मशीन, ती आणि मी. मी चिडलो होतो. तिच्यावर, पोरांवर, पाहुण्यांवर, पावसावर सुद्धा. म्हटलं, "झालं तुय्या मनासारखं?" हे बोलायला नको होतं. ती खाली बसली, जिथं पूर्वी पोती असायची तिथं, आणि म्हणाली, "भाऊ, मी थोडे देऊन बाकीचे वाचवले होते. ते वाचाले काऊन तयार नाईत?"

तिला उत्तर ठाऊकच होतं. ज्या इर्जिकीनं तिला चंद्रपूरच्या गाडीत बसवलं, तीच ही होती.

ऑफिस बंद झालं. कॉम्प्युटर खोक्यांत भरून ट्रकनं गेले. पोरं विखुरली. धनराज तेंदूपत्ता गोळा करतात त्या फडीवर, मयुरी हैदराबादेत कुठं कॉल घेते, रश्मी नागपुरात. प्रफुल कोळशाच्या खाणीजवळ ट्रकच्या वजनकाट्यावर लागला. शिकलेला पोरगा, दिवसभर धूळ खातो. मी एकदा त्याला अडवून म्हटलं, बहिणीशी बोल बाबा, तिचा काय दोष. तर म्हणाला, "भाऊ, नियम बरोबर होता. मले समजला आता. मले काढाचंच होतं. पर आदल्या दिशी घरी सांगाचं होतं ना तिनं. मायसमोर सांगाचं होतं. लायनीत उभं करून आडनावानं हाक मारली. मायं आडनाव तिचंच नाई का?"

मी हे तिला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "आदल्या दिशी त्याले सांगतलं असतं तर नियम मोडला असता, भाऊ. सगळ्यायले सारखंच सांगाचं होतं." आणि मग म्हणाली, "मोडाले पायजे होता."

पुढं तिनं नोकरी सोडली. कंपनीनं मोठा समारंभ केला म्हणे, चार गावांतले लोक पडद्यावर जमले, हिच्या कामाचे गोडवे गायले. दुसऱ्या कंपन्यांची बोलावणी आली. ती गेली नाही. मला म्हणाली, मला आता माणसं वाढवायची भीती वाटते. दुसऱ्या आषाढाच्या तोंडावर ती बॅग घेऊन गावात आली. गिरजाबाई थकली होती, गुडघे गेलेले. प्रफुल त्याच घरात राहत होता, पण ही उठायच्या आत कामाला जायचा आणि आला की पडवीत आईशी बोलायचा. बहिणीशी भांडण नाही, बोलणं नाही. ताट मात्र तिनं वाढलं तर खायचा नाही. आईनं वाढलं तर खायचा. एका घरात हे असं रोज चाललं होतं. गिरजाबाई एकदा माझ्यासमोर रडली. "दोनी लेकरं मायी, भाऊ. कोणाकून बोलू?"

बांधीत परे आले. टोली गिरजाबाईकडे इर्जिकीला येणार, हे ठरलेलंच होतं. तिची पाळी होती, तिनं जन्मभर लोकांचे दिवस फेडले होते. संघप्रियानं ठरवलं, जेवण मी रांधणार. मला सांगायला आली तेव्हा किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. म्हणाली, "भाऊ, जेवतीन ना सगळे? इर्जिकीचं जेवण कोणी नाई म्हणत नाई." मी म्हटलं, जेवतील. मला तसं वाटतच होतं.

त्या दिवशी बाया आल्या, माणसं आली. रोवण्यासाठी रजा काढून मयुरी आली, रश्मीही आली. संघप्रिया पहाटेच रांधून, साडी खोचून बांधीत उतरली. पऱ्यांची पेंढी हातात घेतली, ओळीत उभी राहिली. मयुरीनं तिच्या हातातली पेंढी अलगद काढून घेतली.

"बाई, तुमी वर बसा. पाहुण्यानं चिखलात उतरू नाई."

मायेनंच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. संघप्रिया धुऱ्यावर जाऊन बसली. तिथंच, जिथं लहानपणी दोरी धरून उभी राहायची. ओळी वाकड्या जात होत्या, आणि कोणाला सांगायचा तिला हक्क नव्हता.

उन्हं डोक्यावर आली तोवर रोवणा आटोपला. ती पळतच घरी गेली. पडवीत पळसाच्या पत्रावळी मांडल्या, पाणी ठेवलं. भात, वरण, वांग्याची भाजी, आणि मुद्दाम अंबाडी, तेल घालून. मी पडवीच्या टोकाला बसलो होतो. लोकांनी बोडीच्या तळ्यात हातपाय धुतले. मग एकेक जण दारावरून जाताना सांगत गेला. गिरजाबाई, घरी वासरू बांधून आलो. गिरजाबाई, डबा होता, खाल्ला. गिरजाबाई, आज माया उपास. सगळे गिरजाबाईलाच सांगत होते. संघप्रिया पळी हातात धरून उंबऱ्यात उभी होती.

त्या घरी जातीपायी न जेवणारे मी पाहिले आहेत, मी त्यांच्यातलाच एक होतो. पण हे तिचे स्वतःचे लोक होते, तिच्या टोलीतले, तिच्या ऑफिसातले. मी ओरडणार होतो. गिरजाबाईनं हातानंच मला थांबवलं.

रिकाम्या पत्रावळी वाऱ्यानं हलायला लागल्या. तेव्हा प्रफुल आला, काट्यावरून थेट, अंगावर कोळशाची धूळ. त्यानं पडवी बघितली, पातेली बघितली. बहिणीकडे बघितलं नाही. आईला म्हणाला, "माय, इर्जिक अशी अर्धी नाई ठेवता येत. मी घरोघरी नेऊन देतो."

"घेतीन का रे?" गिरजाबाई म्हणाली.

पातेल्यावर झाकण ठेवत प्रफुल म्हणाला, "मायनं रांधलं म्हणून सांगतो."

मी संघप्रियाकडे बघितलं. ज्याचं काम त्याच्याच नावानं झालं पाहिजे, म्हणून तिनं आयुष्याचा एवढा मोठा तुकडा दिला होता. ती काही बोलेल असं मला वाटलं. ती आत गेली, डबे घेऊन आली, आणि एकेक भरायला लागली. भात दाबून, वर भाजी.

"सांग," ती भावाला म्हणाली. "मायनंच रांधलं म्हणून सांग."

वर्षभरात ती त्याच्याशी बोलली ते तेवढंच. प्रफुल डबे घेऊन गेला, परत आला, पुन्हा घेऊन गेला. घरोघरी लोकांनी घेतलं. मयुरीच्या घरी तर तिनं आणखी भाजी मागून घेतली, गिरजाबाईच्या हातची अंबाडी म्हणून.

सगळं संपल्यावर मी एका पत्रावळीसमोर जाऊन बसलो. संघप्रियानं मला वाढलं, गिरजाबाईला वाढलं, आणि समोर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी जेवत होतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. विचारायला तिला घराबाहेरचं दुसरं कोणी नव्हतं.

"भाऊ, मीठ बरोबर हाय ना?"

जास्त झालं होतं थोडं. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि आणखी भात मागितला.